क्लासिकलसाठी प्रोफेशनल ऑल्टो सॅक्सोफोन घ्यायचा आहे: सेल्मर, यामाहा की यानागिसावा? (नागपूर)

मुक्ता_अंबाझरी

नमस्कार मंडळी. कॉलेजपासून ऑल्टो सॅक्स वाजवते. हातात यामाहाचा विद्यार्थ्यांसाठीचा वायएएस-२८० आहे. सुरुवात कामठीच्या लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या सरांकडे झाली. आता त्यांच्याच सांगण्यावरून ऑनलाइन शिकते आणि ट्रिनिटीच्या एटीसीएल डिप्लोमाची तयारी चालू आहे. वाजवायचं आहे ते पाश्चात्य शास्त्रीय. सध्या बोझाची रचना, मग इबेरची, आणि बोटांनी साथ दिली तर ग्लाझुनोव्हची. जॅझ नाही. हिंदी गाणी अधूनमधून, तीही मित्रांच्या आग्रहाखातर.

२८० ला मी नावं ठेवत नाही, पण आता ते अडायला लागलंय. खालचे बी आणि बी फ्लॅट हळू आवाजात निघतच नाहीत, एकदम फुटतात. वरच्या सुरांत आवाज पातळ होतो. पियानोसोबत बसले की मधला डी चढा लागतो आणि उघडा सी शार्प उतरलेला. सर म्हणतात, वाद्य बदल. बजेट पाच लाख, फार ताणलं तर सहा. बाबा म्हणतात एवढ्यात गाडी येते.

यादीत आत्ता सेल्मरचे सिरीज टू आणि सिरीज थ्री, यामाहाचा ८७५ईएक्स आणि यानागिसावाचा डब्ल्यूओ१० आहेत. सेल्मर सुप्रीमचं नाव नुसतं लिहून ठेवलंय, परवडणार नाही. वाजवून बघायला मुंबई गाठावी लागेल, म्हणून निघायच्या आधी विचारतेय. कोणी यातलं काही वाजवलंय का?

सावजी_तर्री

पाच लाखात तर अख्खा बँड येते ना बाई, घोडीसकट.

मस्करी सोड. माहे काका इतवारीतल्या बँडमध्ये होते. मेरठचं सॅक्स, तिथल्या जाली कोठी बाजाराचा माल. वरातीत तासन् तास वाजवून राह्यले, घरी आले की नुसतं फडक्यानं पुसायचे अन् ठेवून द्यायचे. ते वाजत नव्हतं का? तुले तेच काहून चालत नाही? खरंच विचारून राह्यलो, टोमणा नाही.

धोबीतलाव

सावजी, प्रश्न रास्त आहे आणि काकांना नमस्कार. वरातीतल्या सॅक्सचं काम ढोल-ताशाच्या वर ऐकू जाणं. तिथे जोर लागतो, आणि ते वाद्य त्यात कमी पडत नाही. मुक्ताला हवंय ते उलट. सगळ्यात खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफ शार्पपर्यंत आवाजाचा पोत एकसारखा राहायला हवा, आणि तोही इतका हळू की पियानोवाला सहज झाकू शकेल. तिथे वाद्याच्या घडणीतला प्रत्येक दोष उघडा पडतो.

थोडं खोलात जातो, कारण डी चढा का लागतो हे कळलं तर पैसे कशाला मोजतोय तेही कळेल. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं, तेव्हापासून नळीचा आकार शंकूचाच आहे. वरचं सप्तक काढायला आपण ऑक्टेव्ह की दाबतो, तेव्हा एक बारीक छिद्र उघडतं. खरं तर प्रत्येक सुरासाठी ते छिद्र वेगळ्या जागी हवं. तेवढी छिद्रं पाडणं शक्य नाही, म्हणून दोनच असतात. अंगावरचं छिद्र डी ते जी शार्प सांभाळतं, नेकवरचं, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवरचं, ए पासून वर. मधल्या सुरांना छिद्राची जागा बऱ्यापैकी जुळते, टोकाच्या सुरांना जुळत नाही. डी या टोकावर बसतो म्हणून तो चढतो. हा दोष लाखाच्या वाद्यात असतो तसाच सात लाखाच्यातही असतो. महागड्या वाद्यात नळीचा निमुळतेपणा, छिद्रांच्या जागा, चावी किती उघडते, हे सगळं इतकं बारीक जुळवलेलं असतं की उरलेलं ओठ सहज सांभाळून घेतात. पैसे त्याचे.

आता मुक्ता, मला आधी हे सांग: माऊथपीस, म्हणजे तोंडात धरतेस तो तुकडा, कोणता?

मुक्ता_अंबाझरी

वाद्याबरोबर आलेला ४सी. रीड, म्हणजे त्यावर बसणारी वेताची पट्टी, व्हॅन्डोरेन निळा डबा, अडीच नंबर.

धोबीतलाव

मग मुंबईचं तिकीट काढायच्या आधी माऊथपीस काढ.

४सी शिकायला उत्तम आहे, पण तू ज्या तक्रारी लिहिल्यास त्यातल्या निम्म्या त्याच्या असू शकतात. क्लासिकलवाले सर्रास वापरतात तो सेल्मरचा एस८० सी स्टार, किंवा त्यांच्याच एस९० मालिकेतला १७० किंवा १८०. हे आकडे म्हणजे टोकाशी रीड आणि माऊथपीस यांत किती फट आहे ते: १७० म्हणजे १.७० मिलिमीटर. दुसरा पर्याय व्हॅन्डोरेन ऑप्टिमम एएल३, त्याची फट १.५७, म्हणजे आणखी बंद. बंद फटीवर कडक रीड लागतो, तीन किंवा साडेतीन. माझं मत एएल३. तो सरळ आहे, नखरे कमी, आणि खालचे सूर हळू काढायला फार मदत करतो. सेल्मरच्या कॉन्सेप्ट नावाच्या माऊथपीसचा आवाज गोल येतो, काहींना तो गुळमट वाटतो. मला वाटतो.

एक चाचणी. नुसता माऊथपीस तोंडात घे आणि ट्यूनर लावून फुंक. क्लासिकल ऑल्टोसाठी पियानोवरचा ए यायला हवा, ८८० हर्ट्झचा. त्याहून वर येत असेल तर ओठ आवळून वाजवतेस, आणि मग जगातला कुठलाही सॅक्स वर चढाच लागणार. दोन-तीन महिने नव्या माऊथपीसवर काढ. त्यानंतर जो त्रास उरेल तो वाद्याचा.

निषाद_महाल

मध्येच घुसतो, क्षमस्व. मी ऑल्टोवर हिंदुस्थानी वाजवायचा प्रयत्न करतो, यमन आणि भूपावर अडकलोय. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीत या वाद्यावर कुठे नेलं ते सगळ्यांना माहीतच आहे, १९९४ ला ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवून आले. माझा प्रश्न: मुक्ता घेईल ते वाद्य मला चालेल का? आणि एएल३ वर मींड येईल?

धोबीतलाव

वाद्य चालेल, माऊथपीस नाही. बासरीत बोट हळूहळू सरकवून छिद्र अर्धं उघडता येतं. सॅक्सवर बोटाखाली चावी असते, ती उघडी तरी किंवा बंद तरी. मग मींड उरते ओठावर, जबड्यावर आणि घशावर. त्यासाठी फट मोठी आणि रीड मऊ लागतो, म्हणजे सूर वाकतो. मुक्ताला सूर जागेवरून हलायलाच नको आहे. तुमची गरज आणि तिची गरज इथे उलट दिशांना जातात. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

जुनं_ते_सोनं

इतकी चर्चा झाली आणि सेल्मरच्याच जुन्या मार्क सिक्सचं नाव कोणी घेतलं नाही? १९५४ ला निघालेलं ते वाद्य. आज जे जे बनतं ते सगळं त्याच्याच नकला आहेत. सहा लाखांत वापरलेला मार्क सिक्स मिळू शकतो. नवीन वाद्य दुकानातून बाहेर पडलं की किंमत खाली, मार्क सिक्सची वर जाते. बाकी तुमची मर्जी.

ल्योंवासी

नागपूरचाच, सध्या मुक्काम फ्रान्समध्ये. बायको इथल्या संगीत शाळेत सॅक्सोफोन शिकवते, मी फक्त केस उचलतो आणि ऐकतो, त्यामुळे पुढचं सगळं ज्ञान उसनं समजा.

मार्क सिक्सबद्दल आदर आहे, पण मुक्ताच्या कामासाठी तो मी सुचवणार नाही. एक नग स्वर्ग, दुसरा नग डोकेदुखी, आणि नागपुरात बसून फोटोवरून ते ओळखता येत नाही. लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, मूळचं आहे की परत चढवलंय, पॉलिश करताना छिद्रांच्या कडा घासल्यात का, नेक कधी दबून सरळ केलाय का, हे जाणकाराने हातात घेऊनच बघावं लागतं. शिवाय सुरांच्या बाबतीत तो आजच्या वाद्यांपेक्षा जास्त सांभाळून घ्यायला लावतो. जॅझवाल्याला ते चालतं, आवडतंही. डिप्लोमाच्या परीक्षेत पियानोसोबत कोणाला आवडेल?

आता यादीकडे. क्लासिकल सॅक्सचं जे फ्रेंच वळण आहे ते सॅक्सवादक मार्सेल म्यूल यांचं. १९४२ पासून ते पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत शिकवत. सेल्मरही फ्रेंच, कारखाना माँत-ला-व्हिलला. त्यामुळे इथल्या वर्गात गेलात तर बहुतेक हातांत सेल्मर दिसतो. दुसरं घराणं सिगर्ड राशर यांचं. ग्लाझुनोव्ह आणि इबेर, दोघांचे कॉन्चेर्टो त्यांच्यासाठी लिहिलेले, १९३४ आणि १९३५ चे. राशरपंथी मात्र आजही १९२० च्या दशकातले अमेरिकन बुशर आणि मोठ्या गोल पोकळीचे माऊथपीस शोधत फिरतात. तेव्हा क्लासिकल म्हणजे सेल्मरच, असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. मुक्ता, तुझी ऑनलाइन शिक्षिका कुठल्या वळणाची आहे ते बघ, तिच्या कानाला जो आवाज बरोबर वाटतो त्याकडेच ती तुला नेणार.

सिरीज टू: आवाज दाट, थोडा काळसर. फुंकताना किंचित अडवतो, आणि तो अडवतो म्हणूनच हळू वाजवताना टेकायला काहीतरी मिळतं. बायकोकडे हाच आहे. सिरीज थ्री: हलका, चटकन बोलतो, सूर जास्त जुळलेले. तुझा तो उतरणारा उघडा सी शार्प सुधारायला त्याच्यात वेगळी यंत्रणाच बसवली आहे. काहींना त्याचा आवाज थोडा बारीक वाटतो. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत बसून मी दोन्ही ऐकलेत आणि मला फरक सांगता आला नाही. वाजवणाऱ्याला मात्र तो पहिल्या फुंकरीत कळतो. सुप्रीम २०२१ ला आला. बायकोने वाजवला आणि चार दिवस घरात त्याचाच विषय. विषयावरच थांबलं हे बरं.

८७५ईएक्स बद्दल इथले लोक जरा नाक मुरडून बोलतात आणि मग हळूच मान्य करतात की सुरात त्याचा हात धरणारं दुसरं नाही. यामाहाच्या सॅक्सच्या घडणीत यूजीन रूसो या अमेरिकन क्लासिकल वादकाचा सल्ला अनेक वर्षं होता. यामाहाचाच ८२झेड बघू नकोस, तो जॅझ आणि पॉपच्या अंगाने बनवलाय. यानागिसावा घडणीला सगळ्यात सुबक, चावी दाबली की तेलावर चालल्यासारखी. डब्ल्यूओ१० पितळेचा, डब्ल्यूओ२० ब्राँझचा. ब्राँझचा आवाज उबदार असतो असं म्हणतात. धातूने आवाज किती बदलतो यावर ध्वनिशास्त्रवाले आणि वादक कायम भांडतात. मी भांडणात पडत नाही, घरी आधीच पुरेशी आहेत.

सावजी_तर्री

हे वाचून माहे काका म्हणते, "पोरीले सांग, आधी वाजवून पाय, मंग नाव वाच." काकानं साऱ्या धाग्याचं सार काढून टाकलं बावा.

पॅडकॉर्क

मी दुरुस्तीवाला. घरचं काम, वडलांपासून. शहरातले निम्मे बँडवाले आणि शाळांची वाद्यं आमच्याकडे येतात. महागडे ऑल्टो मोजकेच पाहिलेत, पण जे पाहिलेत ते सगळे नागपूरच्या हवेने आणलेले.

आवाजावर बोलायला वर मोठी माणसं आहेत, मी हवेवर बोलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठक्क. जुलैत तीच हवा ओली. सॅक्सच्या चाव्यांखालच्या गाद्या म्हणजे नमद्यावर ताणलेलं पातळ कातडं. ती कोरड्यात आक्रसते, ओल्यात फुगते. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली तरी हवा गळते, आणि सगळ्यात आधी बोंब मारतात ते खालचे सूर. ताई, तुमचा बी फ्लॅट फुटतो ते माऊथपीसमुळे असेल, नाही असं नाही, पण मला तरी गळती वाटते. २८० घेऊन या, लीक लाइट, म्हणजे गळती दाखवणारा दिवा, आत घालून पाच मिनिटांत सांगतो. पैसे नंतर बघू.

दुसरं. गाद्या चिकटवलेल्या असतात लाखेने किंवा हॉट ग्लूने. दोन्ही उष्णतेने मऊ होतात. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत केस ठेवली की डिकीची भट्टी होते, आणि गाद्या जागच्या हलतात. असा एक चांगला सॅक्स माझ्याकडे आला होता, मालकाला वाटलं पडला असेल. पडला नव्हता, नुसता एका लग्नाला गेला होता. नेकवरचा कॉर्कही कोरड्यात आक्रसतो, मग माऊथपीस डुलतो. कॉर्क ग्रीस लावत राहा. पावसाळ्यात जी शार्पची गादी चिकटते, चावी दाबली तरी उघडत नाही. त्याला सिगारेटचा कोरडा कागद धरून हलकेच चावी दाबायची आणि सोडायची. कागद ओढायचा नाही, कातडं फाटतं.

म्हणून माझं मत विचाराल तर यामाहा. आवाजासाठी नाही म्हणत मी. चाव्या घट्ट बसतात, एकदा जुळवलं की जागा सोडत नाहीत, आणि पार्ट लागला तर तो मिळतो. सेल्मर नवीन आला तरी बरेचदा जुळवून घ्यावा लागतो, मग तो राजा. जुळवणारा जवळ हवा एवढंच. स्क्रू पिळणं आणि जुळवणं यात फरक आहे, हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय.

मुक्ता_अंबाझरी

पॅडकॉर्कदादा, शनिवारी येते.

एक शंका. घरी उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत रियाज करते तेव्हा ट्यूनरवर सगळंच चढं दिसतं. मी काही चुकतेय का?

धोबीतलाव

तू नाही, हवा. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो, आणि नळीतला सूर वर सरकतो. हिशोबाने एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तुझी खोली ३५ अंशांवर असेल आणि देशपांडे सभागृहाच्या एसीत २४, तर फरक कागदावर तीसच्या वर सेंट होतो. प्रत्यक्षात कमी भरतो, कारण तुझा श्वासच नळी गरम ठेवतो. पण कानाला कळेल इतका उरतो, आणि पियानो बिचारा जिथल्या तिथे असतो.

यात एक खोच आहे. चढं लागलं म्हणून माऊथपीस बाहेर ओढलास की सगळे सूर सारखे उतरत नाहीत. आखूड नळीचे, म्हणजे उघडा सी शार्प, बी, ए, जास्त उतरतात, लांब नळीचे कमी. वाद्याचं आपापसातलं नातं बिघडतं. म्हणून वाद्य निवडताना ते एसी खोलीत आणि पियानोच्या ए ला, ४४० हर्ट्झला, जुळवून तपासायचं, दुकानाच्या दारातल्या उकाड्यात नाही. घरी मेमध्ये ट्यूनरऐवजी तानपुऱ्याचं अॅप लाव, त्याचा षड्ज थोडा वर कर आणि त्याच्याशी जुळव. कान तयार होतो.

कूलरचा एक फायदा मात्र आहे. ओलसर हवेत रीड वाकडे होत नाहीत. एसीत आणि नुसत्या पंख्यात त्यांची टोकं लाटेसारखी होतात. रीड बंद डबीत ओलावा राखणाऱ्या पुडीसह ठेव, आणि एका वेळी चार रीड फिरवत राहा.

निषाद_महाल

रीड डबीत ठेवायचे? मी तर आजवर माऊथपीसवरच ठेवत आलो.

पॅडकॉर्क

देवा.

मुक्ता_अंबाझरी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पॅडकॉर्कदादांनी लीक लाइट घातला: खालच्या सी आणि ई फ्लॅटपाशी उजेड दिसला. दोन गाद्या बदलल्या, बाकी जुळवलं. नंतर एएल३ आणि तीन नंबरचा रीड. नुसत्या माऊथपीसवर मी ए च्या बरीच वर होते, ते आता खाली आलंय. खालचे सूर येतात! हळूसुद्धा. डी अजून चढतो, पण पूर्वीच्या निम्माच. बाबांनी लगेच विचारलं, "मग आता नवीन कशाला?"

त्याचं उत्तर शोधलं. पातळपणा तसाच आहे. वरच्या डी पासून पुढे आवाजाचा रंगच जातो, आणि जोरात वाजवलं की एका मर्यादेपुढे वाद्य आणखी द्यायला तयार नसतं. म्हणून मुंबई पक्की. दुरांतोचं तिकीट काढलंय. दुकानाला फोन करून विचारलं: सिरीज टू, ८७५ईएक्स आणि डब्ल्यूओ१० आहेत, सिरीज थ्री मागवावा लागेल आणि त्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. तिथे काय काय वाजवू?

धोबीतलाव

न वाजवता आगाऊ रक्कम देऊ नकोस. परदेशातून स्वस्त दिसलं तरी कस्टम्स ड्युटी आणि वरचा जीएसटी धरून हिशोब कर, बहुतेकदा स्वस्ताई तिथेच संपते. आणि वाद्य बिघडलेलं निघालं तर परत कोणाला पाठवणार?

तुझा एएल३ आणि तोंडात बसलेले दोन रीड सोबत ने. दुकानाचा माऊथपीस लावू नकोस, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलतील आणि कळणार काहीच नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं ट्यूनर बंद. लांब सूर धर, मधल्या जी पासून खाली उतरत बी फ्लॅटपर्यंत, जेवढं हळू जमेल तेवढं, आणि प्रत्येक सूर जिभेशिवाय नुसत्या श्वासाने सुरू कर. वाद्य तिथे खरं बोलतं. मग सी शार्पवरून डी वर स्लर, म्हणजे जीभ न लावता सूर जोडून, पुढेमागे. जी वरून ए वर स्लर. तिथे ऑक्टेव्हची छिद्रं बदलतात, खटका ऐकू यायला नको. खालचा बी फ्लॅट धरून बोटं न हलवता फक्त घशाने ओव्हरटोन, म्हणजे त्याच सुरातले वरचे सूर, काढ. ते सरळ निघाले तर इबेरमधले एफ शार्पच्या पलीकडचे सूर त्या वाद्यावर जमतील.

मग ट्यूनर, पण तो तू बघायचा नाहीस. सोबत कोणाला तरी ने, त्याने काटा बघून कागदावर लिहायचं. आपण बघितलं की नकळत ओठ सुधारतात, आणि आपण वाद्याऐवजी स्वतःला तपासतो. आकडा शून्य असणं महत्त्वाचं नाही. तीन सूर दहा सेंटने चढे आणि शेजारचे दहाने उतरलेले असं नको, एवढं बघ.

आणि हात. डाव्या करंगळीची पाटी, जी शार्पवरून खालच्या बी वर घसरताना करंगळी पोचते का? तळहाताच्या चाव्या लागतात की मनगट वळवावं लागतं? बोझा हेच विचारणार आहे.

ल्योंवासी

एक जोड. दुकानात एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर दोन्ही वाजव, विशेषतः सेल्मर. आणि फोनवर रेकॉर्ड कर, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. वाजवणाऱ्याच्या कानाला हाडांतून जो आवाज येतो तो श्रोत्याला कधीच मिळत नाही. रेकॉर्डिंगना फक्त क, ख, ग नावं दे आणि शिक्षिकेला पाठव.

जुनं_ते_सोनं

एवढं करून शेवटी यामाहाच घेणार बघा. दहा वर्षांनी विकायला काढलं की माझी आठवण येईल.

मुक्ता_अंबाझरी

गेले, वाजवलं, आले. भाऊ सोबत होता, काटा त्याने लिहिला.

पहिल्या फुंकरीला सिरीज टू ने मला गप्प केलं, खोटं कशाला बोलू. मधल्या सप्तकात जो जडपणा आहे तो बाकी दोघांत नाही. पण दुकानात नग एकच होता, आणि त्याचा खालचा बी अडखळत होता. दुकानवाले म्हणाले जुळवून देऊ, किती दिवसांत ते सांगेनात. माझी करंगळीही पाटीवर पोचताना ताणते. डब्ल्यूओ१० च्या चाव्यांना हात लावला आणि पॅडकॉर्कदादांना फोन करावासा वाटला, इतक्या सुंदर. आवाज नीट, सुसंस्कृत. मला मात्र त्यात शिरायला वेळ लागेल असं वाटलं.

८७५ईएक्स ला पहिल्या पाच मिनिटांत काही वाटलंच नाही. मग लक्षात आलं की मी सांभाळणं थांबवलंय. डी ला ओठ सैल करायची सवय होती, इथे केली तर उलट उतरतो. भावाच्या कागदावर सगळ्यात सपाट रांग याचीच. सर्वांत हळू आवाजातला बी फ्लॅट तिघांत याच्यावर सगळ्यात सहज आला.

रेकॉर्डिंग शिक्षिकेला पाठवली. तिने सेल्मर आणि यामाहा उलटे ओळखले. वर लिहिलं की "ख" मध्ये तू वाक्यं लांब घेतली आहेस, बाकी दोन्हींत श्वास मोजते आहेस. ख म्हणजे ८७५. घेतला. बजेटमध्ये बसला, आणि सेल्मरच्या तुलनेत जे वाचलं त्यातून पियानो साथीदाराचे वर्षभराचे पैसे निघतील. बाबांना हे शेवटचं वाक्य पटलं.

सावजी_तर्री

अभिनंदन बाई! काका विचारते, लॅकरवर ओरखडा पडला का अजून? पह्यला पडला की मंग बिनघोर वाजवता येते म्हणे.

ल्योंवासी

बायकोला सांगितलं की तुझ्या शिक्षिकेने दोन्ही उलटे ओळखले. ती म्हणाली, "मीही तेच केलं असतं, पण हे धाग्यावर लिहू नकोस."

पॅडकॉर्क

ताई, छान केलंत. नवीन गाद्या बसायला वेळ घेतात, सुरुवातीचे महिने थोडं थोडं हलतंच. आता लगेच आणू नका, पावसाळा अर्धा उलटला की आणा, ओली हवा लागल्यावर काय होतंय ते बघून जुळवू. तोवर वाजवून झालं की आतून स्वॅब, म्हणजे पुसायचं फडकं, ओढा, आणि ओल्या गाद्यांवर केस लगेच बंद करू नका, दहा मिनिटं उघडी राहू द्या. येताना गाडीने आलात तर केस पुढच्या सीटवर ठेवा. डिकीत नको.

मुक्ता_अंबाझरी

स्कूटीने येते दादा, पाठीवर. २८० पण आणते, निषाद बघायला येतोय म्हणे. त्याला विकला तर रीडच्या डबीसकट विकेन.